शिसपेन्सिल

बहोडापूरला, ट्रान्सपोर्ट नगरच्या मागे,
एकवीस वर्षं मी ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडल्या.
आम्ल नालीत, प्लेटा कढईत,
आणि शिसं असं वितळायचं
की त्यात तोंड बघून मिशी कोरावी.
कुणी हटकलंच तर म्हणायचो,
जमीन काय, पिऊन टाकते.

धाकटी ऋजुता रसायनशास्त्र शिकते, ग्वाल्हेरलाच.
तिनं हातपंपाचं पाणी बाटलीत भरून नेलं
आणि आकडा घेऊन आली : चौऱ्याऐंशी.
दहाच्या वर नको असतो, म्हणाली.
बाकी काही बोलली नाही.
वरण वाढतानाही नाही.

हातपंप गुड्डनच्या दारात आहे.
तिचा मुलगा पाचाचा, सात-आठ शब्दांवर अडलेला.
कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे आजोबांवर गेला.
मी त्याला रोज गुळाचा खडा द्यायचो.
आकडा कळल्यावर आठवडाभर
त्या बाजूनं गेलो नाही.

मग हरनाम कुशवाहच्या शेतातून
सरसोंची धाटं आली, ट्रॉलीभर, फुकट.
एरवी तो ती बांधावर पेटवून मोकळा होतो.
जाळायची, ऋजुता म्हणाली, पण जळू द्यायची नाहीत.
उभा जन्म विस्तवाशी काढलेला मी,
मला हे नवीन होतं.
डबा ठासून भरा. झाकण मातीनं लिंपा.
दाभणाएवढं भोक ठेवा, त्यातून धूर येईल,
मग धुराचीच ज्योत,
मग तीही विझेल.
आता उघडू नका. सकाळपर्यंत उघडू नका.

सकाळी धाटं तशीच्या तशी,
पेरं, फाटे, शेंगेचा देठसुद्धा,
फक्त काळी,
आणि चिमटीत धरली तर
काचेच्या बांगडीसारखी किणकिणणारी.

कोळसा उगाळावा तितका काळा,
आई म्हणायची, बहुधा माझ्याकडे बघून.
आम्ही कुटला, चाळला, धुतला.
सात पाणी काळी निघाली.
आठवं निघालं नाही.

चार इंची नळ, तळाला गिट्टी, वर वाळू,
त्यावर हा चुरा.
बादल्या मीच आणल्या, गुड्डनच्या दारातून.
थेंब. थेंब.
एका बादलीला अख्खी दुपार.

आत होतं काय, मी विचारलं.
भोकं आहेत बाबा, भोकांत भोकं,
एका मुठीत पटांगण मावेल इतकी जागा,
आणि भिंतींना जणू हात.
शिसं आलं की धरून ठेवतात.
सोडत नाहीत?
सहसा नाही. आंबट पाण्यात सोडतील.
आंबट म्हटल्यावर मी नालीकडे पाहिलं.

दुसरा आकडा : सहा.
मी उठलोच, गुड्डनला सांगायला.
बसा, म्हणाली. अजून तीनदा तपासायचंय.
तोवर प्यायला टँकरचंच.
आणि वहीत सहा लिहिला, शिसपेन्सिलीनं.
यातही तेच की गं, मी म्हटलं.
नाही बाबा, यात शिसं नसतं. नुसतं नाव.
हा कार्बन. तुमच्या धाटांच्या गोत्रातला.

हिशेब मला येतो.
चौऱ्याऐंशीतून सहा वजा केले
तर अठ्ठ्याहत्तर उरतात, ते गेले कुठे?
तिनं नळाकडे बोट केलं.
हा चुरा आता उकिरड्यावर टाकायचा नाही,
शेतात नाही, चुलीत तर मुळीच नाही.
निळ्या ड्रमात, कोरडा, झाकणबंद,
सरकारी गाडी नेईल तेव्हा नेईल.

ड्रम कढई होती त्याच कोपऱ्यात ठेवलाय.
त्याला चिठ्ठी लावायची असते.
काय आहे. किती किलो. तारीख.
शेवटचा रकाना : कोणाचं.

पेन्सिल घेतली, लिहिलं,
दौलत गणपत इंग
आणि टोक मोडलं.
ऋजुतानं करून दिलं.